ऑपरेशननंतर आतडी जागी होईनात : चिनी औषध किंवा सुया कुणी करून पाहिल्यात का?

तापीकाठ | मंगळवार, रात्री ११.५०

मंडळी, जळगावातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यातून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

आबांना (वय ६८) शनिवारी रात्री गावाकडून आणलं. मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. रात्रीच पोट उघडलं, खराब तुकडा काढला आणि आतडं जोडलं. आज तिसरा दिवस. ताप नाही, टाके कोरडे. पण पोट नगाऱ्यासारखं, नाकात नळी, आणि वारं सरत नाही. डॉक्टर येतात, पोटावर नळी लावून ऐकतात, "हवा सरली का?" विचारतात आणि "थांबा" म्हणून जातात.

आता घरातलं ऐका. भाचा चीनमध्ये एमबीबीएस करतोय, सध्या सुट्टीवर आलाय. तो म्हणतो, तिकडे अशा पेशंटला गुडघ्याखाली सुया टोचतात आणि नळीतून काढा देतात. येताना त्याने एक डबा आणलाय, तपकिरी दाण्यांच्या पुड्या. वरचं सगळं चिनीत, त्याला अर्धंमुर्धं वाचता येतं. अमळनेरची आत्या पोट शेकायला एरंडाची पानं आणि मिठाची पुरचुंडी घेऊन बसलीय. दोघांनीही माझ्याकडे पाहायला सुरुवात केलीय.

कुणाला अनुभव? चिनी उपचारांत खरंच काही दम आहे का?

---

बिबडी_खारी | रात्री ११.५८

आबांना लवकर बरं वाटो. माझं एवढंच निरीक्षण, जन्मभर चारचौघांत जे करू नको म्हणून शिकवलं, त्याचीच वाट बघत अख्खं खानदान रांगेत उभं राहतं असा हा एकच प्रसंग.

---

जिभाऊ_धरणगाव | बुधवार, रात्री १२.१०

भो, आमना आप्पाना बी असंच व्हयनं व्हतं. डॉक्टर रोज सकाळे इसन इचारे, "वारं सरनं का?" आप्पा सुनासमोर लाजे, मान हलाडे. चौथा दिन रातले असा आवाज काढा की शेजारना पेशंट जागा व्हयना. काळजी नको करू.

---

चाकू_धुळे | सकाळी ६.४०

शल्यचिकित्सक आहे, धुळ्यात. तुमचे पेशंट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

पोट उघडलं, आतडी हाताळली की ती रुसतात. लहान आतडं काही तासांत ते दिवसभरात हालायला लागतं, जठराला दिवस-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, साधारण दोन ते तीन दिवसांनी. इमर्जन्सीत पिळाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला याहून जास्त लागले तर मला नवल वाटणार नाही. त्यात वेदनेसाठी अफूच्या कुळातली औषधं दिली असतील तर आतडी आणखी सुस्तावतात. रक्तातलं पोटॅशियम कमी असेल तरी तेच. हे एक जरूर विचारा, "पोटॅशियम किती आलं?"

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा आणि पुरचुंडी काढून घ्या. कापाच्या आजूबाजूची कातडी काही दिवस बधिर असते, चटका बसला तरी पेशंटला कळत नाही. पोटावर पुरचुंडीच्या आकाराचा फोड मी पाहिलाय. तो बरा व्हायला टाक्यांपेक्षा जास्त दिवस लागले.

डब्याचं म्हणाल तर त्यात काय आहे हे कळेपर्यंत झाकण उघडू नका.

---

पिवळी_नदी | सकाळी ७.१५

मी चीनमधूनच शिकून आले, आता नंदुरबार जिल्ह्यात नोकरी करते. तापीकाठदादा, डब्याच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो टाका, वाचून सांगते.

तोवर तिकडची गंमत. सर्जरीच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न हाच, "फाय छी ल मा?" म्हणजे 'छी सोडली का?' हा 'छी' म्हणजे हवा, आणि त्यांच्या वैद्यकात देहात खेळणारी प्राणशक्ती म्हणतात तोही शब्द हाच. आमच्या बॅचची मराठी मुलं पहिल्या दिवशी तोंडावर फाइल धरून हसत होती. त्यांची छी म्हणजे प्राण, आपली छी म्हणजे छी!

भाचा खोटं सांगत नाही. बऱ्याच मोठ्या दवाखान्यांत चिनी वैद्यकाचा वेगळा विभाग असतो. सर्जन चिठ्ठी लिहितो, तिकडचे डॉक्टर येऊन सुया लावून जातात. पण चिठ्ठी सर्जन लिहितो हे महत्त्वाचं. नातेवाईक पिशवीतून पुडी काढून नळीत ओतत नाहीत. वारं सरलं की आधी कोमट पाणी, मग राळ्याची पातळ पेज. आपल्याकडे राळे आता लोक पक्ष्यांना घालतात!

---

सुई_भुसावळ | सकाळी ९.०५

अॅक्युपंक्चर करते, बारा वर्षं झाली. भाचा सांगतोय ती जागा म्हणजे झूसानली, 'पायाचे तीन ली'. ली हे चिनी अंतराचं माप, साधारण अर्धा किलोमीटर. थकलेला माणूस ही जागा दाबून आणखी तीन ली चालतो अशी तिकडची समजूत. गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटं खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेरच्या अंगाला. योग्य जागी दाबलं की एक बोथट, जड कळ पावलाकडे उतरते.

हवेत बोलत नाही. हाँगकाँगमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या १६५ जणांवर अभ्यास झाला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले चार दिवस रोज एकदा सुया, त्यांना हलका वीजप्रवाह. सुया मिळालेल्यांना शौचाला सरासरी ८६ तासांनी झालं, काहीच न केलेल्यांना १२२ तासांनी.

पोटाला हात लावायची गरजच नाही, हे पायावरचं काम आहे. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर सुई लावणाऱ्याला आधी सांगायचं. आणि महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, कौन्सिल आहे. नोंदणी बघितल्याशिवाय कुणालाही बोलावू नका, मलासुद्धा.

---

संशयात्मा | सकाळी ९.४०

ताई, त्याच अभ्यासातला तिसरा गट सांगायचा राहिला. लुटुपुटूच्या सुयांचा. त्यांना किती तास लागले?

---

सुई_भुसावळ | सकाळी ९.५२

१०७. म्हणजे खऱ्या सुया तरीही वीसेक तासांनी पुढे. लपवत नव्हते हो, दारात पेशंट उभे आहेत.

---

संशयात्मा | सकाळी १०.०५

पण नुसत्या नाटकानेही पंधरा तास वाचले ना? रोज कुणीतरी येऊन पाय हातात घेऊन बसलं, एवढ्यानेच! माझा आक्षेप सुईला नाही, 'चार हजार वर्षांपासून चालत आलेला उपचार' या जाहिरातीला आहे. विजेची सुई काय चार हजार वर्षं जुनी आहे?

---

चाकू_धुळे | सकाळी १०.३०

दोघंही बरोबर आहात. नंतर चीनमध्ये २४८ जणांवर असाच अभ्यास झाला, त्यात खऱ्या सुयांना ७६ तास आणि खोट्या सुयांना ९०. फरक आहे, पण अर्ध्या दिवसाच्या आसपासचा. आणि दोन्हीकडचे पेशंट ठरवून, दुर्बिणीने ऑपरेशन झालेले. पोट फाडून पीळ काढलेल्या आबांना तोच आकडा चिकटवता येणार नाही.

ऑपरेशननंतरच्या मळमळीसाठी मनगटाच्या बिंदूचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो. कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१५ च्या आढाव्यात त्यावर ५९ अभ्यास आणि साडेसात हजारांवर पेशंट होते, आणि उलटीच्या नेहमीच्या औषधांइतका गुण दिसला. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांच्या बेचक्यात. शिरा म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, रक्तवाहिन्या नव्हेत.

---

सोलापुरी_चादर | सकाळी ११.००

अॅक्युपंक्चर भारतात आणलं ते आमच्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी, हे कुणी सांगणार आहे की नाही?

---

जुनी_कात्रणं | सकाळी ११.२५

अभिमान समजू शकतो, पण नाही. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे सर्जन म्हणून राबले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. परत आलेच नाहीत. त्याच पाच जणांच्या पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ही विद्या भारतात आणली. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आता या धाग्याला अगदी लागू पडणारी गोष्ट. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये अपेंडिक्सने आडवे झाले. लोक ठोकून सांगतात की त्यांचं ऑपरेशन सुया टोचून, भूल न देता झालं. साफ खोटं. भूल नेहमीच्या इंजेक्शनांची होती. सुया आल्या त्या दुसऱ्या रात्री, पोट फुगून तडतडायला लागल्यावर. एक उजव्या कोपरात आणि दोन गुडघ्यांखाली. शिवाय पोटाजवळ एका वनस्पतीची पेटती कांडी धरली होती. तासाभरात फुगवटा उतरला असं त्यांनी स्वतः लिहिलं. म्हणजे अमेरिकेला ज्या बातमीने सुयांचं वेड लावलं, ती मुळात आबांच्याच तक्रारीची बातमी होती!

---

रानभाजी | सकाळी ११.४०

ती पेटती कांडी म्हणजे नागदवण्याच्या जातीची वनस्पती. आपला देवाला वाहायचा दवणा त्याच कुळातला. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध जिच्यातून निघालं आणि ज्यासाठी तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं, ती वनस्पतीही याच घराण्यातली.

वॉर्डात ऑक्सिजन चालू असताना पेटवू नका म्हणजे झालं.

---

तापीकाठ | दुपारी १२.२०

सगळ्यांचे आभार. एवढं वाचून निदान तोंडात दोन घास गेले.

चाकू_धुळे सर, पोटॅशियम विचारलं. २.९ आलंय, कमी आहे, सकाळपासूनच सलाइनमधून देताहेत म्हणाले. पिवळी_नदीताई, फोटो टाकलाय. आत्याची पुरचुंडी जप्त केलीय. आत्या रुसलीय.

---

पिवळी_नदी | दुपारी १२.४५

वाचलं. थोडं दचकूनच लिहितेय. हे 'दा चंग छी थांग'. चार घटक आहेत. ऱ्हुबार्बचं मूळ, मांग शियाओ म्हणजे सोडियम सल्फेटचं मीठ, कच्चं कडू संत्रं आणि मॅग्नोलियाची साल. झांग झोंगजिंग या हान काळातल्या वैद्याचा, सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा पाठ. चीनमध्ये आतडी अडकली की ज्यांची नावं निघतात त्यांत हे वरचं. त्यांच्या भाषेत हे 'छी' खाली उतरवतं, आपल्या भाषेत हा कडक जुलाब आहे.

---

वैद्य_चोपडा | दुपारी १.१०

ते ऱ्हुबार्ब म्हणजे आपली रेवाचिनी. काष्ठौषधीच्या दुकानात मागा, पिवळट-तपकिरी तुकडे मिळतील. नावातच चिनी आहे, म्हणजे माल कुठून येत होता ते आजोबांनाही ठाऊक होतं. आमच्याकडेही ती रेचकातच येते.

ताज्या जोडावर रेचक मी देणार नाही. आमच्या शास्त्रात पोट रिकामं करून झाल्यावर आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे दाट पेज, असं जिना उतरल्यासारखं एकेक पायरी अन्नावर आणतात. तोंड बंद असताना तर पेयासुद्धा नाही. हिंगाचं पाणी, सुंठ, ओवा सगळं नंतर. उगाच माझ्या पॅथीचा माणूस म्हणून आत्याबाईंनी मला साक्षीला बोलावू नये.

---

चाकू_धुळे | दुपारी १.३०

वैद्यराज, शेकहँड.

जोड साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात सगळ्यात नाजूक असतो. ठिबकच्या नळीला जॉइनर लावून लगेच पूर्ण दाबाने मोटर चालू करतो का आपण? चीनमधले सर्जन हा काढा नळीतून किंवा खालून देतात, त्यावर त्यांचे ढीगभर अभ्यास आहेत. पण पेशंट निवडून, रोज पोट तपासत आणि जोड सुटला तर तासाभरात पुन्हा पोट उघडायची तयारी ठेवून देतात. डब्याबरोबर ती तयारी येत नाही.

---

तिरफळ | दुपारी २.००

कोकणातून डोकावतोय. जपानमध्ये 'दाइकेनचूतो' नावाचं औषध पोटाच्या ऑपरेशननंतर सर्रास देतात, विम्यातही बसतं. तेही त्याच झांगबुवांचं. घटक काय? सुंठ, जिनसेंग, माल्टची साखर आणि सान्शो नावाची मिरी. ही मिरी म्हणजे आमच्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत घालतो ती. जीभ झिणझिणते तसंच आतड्यालाही होत असावं!

---

बिबडी_खारी | दुपारी २.०४

म्हणजे कोकणी माणसाला ऑपरेशननंतर बांगडा, आणि आम्हाला काय? काळ्या मसाल्याची शेवभाजी?

---

संशयात्मा | दुपारी २.१०

दाइकेनचूतोवरच्या अभ्यासांचे निकाल मिश्र आहेत, काहींत फरक दिसतो, काहींत नाही. पण निदान एका कारखान्यात मापून बनतं, पुडीत काय आहे ते कळतं. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास बारीक होण्याच्या चिनी पुड्यांत एका मुळाऐवजी दुसरंच मूळ गेलं. नावं सारखी, फांग ची आणि ग्वांग फांग ची. दुसऱ्यात अॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली.

---

माहेरवाशीण_शिरपूर | दुपारी ३.१५

लिहू की नको असं दोन दिवस नाही, दोन वर्षं चाललंय.

माझ्या सासऱ्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. चौथा दिवस. चमचा चमचा पाणी सुरू झालं होतं, नळी काढली होती. एका ओळखीच्यांनी 'साधं पोट साफ व्हायचं चूर्ण' दिलं, पुडीवर नाव नव्हतं. नर्स जेवायला गेली तेव्हा मी स्टीलच्या वाटीत कालवून दिलं. मीच. त्यांनी "कडू आहे गं" म्हणून तोंड वाकडं केलं आणि तरी प्यायले, मी दिलं म्हणून. दोन तासांत कळा, हिरव्या उलट्या, परत नाकात नळी. डॉक्टर विचारत होते काही दिलं का, आणि मी नाही म्हणाले. रात्री अकराला खरं सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "हे दुपारी सांगितलं असतं तर सीटी स्कॅन वाचला असता." सासरे बरे झाले, पाच दिवस जास्त राहावं लागलं. ती वाटी मी अजून वापरत नाही.

तापीकाठदादा, द्यायचं-न द्यायचं तुमचं तुम्ही बघा. पण लपवून काही करू नका.

---

जिभाऊ_धरणगाव | दुपारी ३.३०

ताई, तुम्हनं चुकनं नही. तुम्ही सांगं, ते मोठं.

---

केळीबाग_रावेर | दुपारी ४.००

मग नुसता ज्येष्ठमधाचा काढा? तो तर लहान मुलांनाही देतात.

---

चाकू_धुळे | दुपारी ४.४०

भाऊ, आबांचं पोटॅशियम २.९ आहे हे वाचलंत ना? ज्येष्ठमध जास्त झालं तर पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. पोटॅशियम कमी झालं की आतडी आणखी झोपतात. चिनी काढ्यांच्या निम्म्याशिम्म्या पाठांत ज्येष्ठमध असतं, म्हणून तर मी पुडी वाचल्याशिवाय हो म्हणत नाही. शिवाय दानशेन नावाचं त्यांचं मूळ रक्त पातळ करायच्या गोळ्यांशी भांडतं.

तापीकाठ, करण्यासारखं सांगू? एक, तिथल्या डॉक्टरांना विचारून आबांना चालवा, व्हरांड्यात दहा पावलं का होईना. दोन, चिंगम. हसू नका. चघळलं की पोटाला वाटतं जेवण आलं आणि आतडी हलायला लागतात. त्यावरही कॉक्रेनचा २०१५ चा आढावा आहे, ८१ अभ्यासांचा. दात असतील, पूर्ण शुद्धीवर असतील आणि डॉक्टर हो म्हणाले तरच. तीन, पायाची ती जागा अंगठ्याने दाबायला कुणाची हरकत असायचं कारण नाही, फक्त पोटरी दुखत-सुजत असेल तर आधी दाखवा. पाय हातात घ्यायला तुम्हालाही बरं वाटेल.

---

तापीकाठ | गुरुवार, पहाटे ४.४०

मंडळी!!! सरलं!!!

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. मी पायाशी स्टुलावर बसून झूसानली दाबत होतो, डुलकी लागली होती. आबांनी डोळे न उघडता विचारलं, "कोण आहे रे खोलीत?" म्हटलं, मी एकटाच. "मग ठीक," म्हणाले, आणि लांबलचक फटाक्यांची माळ.

मी पळत जाऊन नर्सला सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं मी."

---

बिबडी_खारी | पहाटे ५.१०

चार दहाचा मुहूर्त कालनिर्णयात टाका.

---

सुई_भुसावळ | सकाळी ८.००

अभिनंदन! कुठल्या पायाची दाबत होतात?

---

संशयात्मा | सकाळी ८.०६

आलात ताई श्रेय घ्यायला. सव्वाचार दिवस झाले होते, आज-उद्यात होणारच होतं.

---

तापीकाठ | सकाळी १०.२०

श्रेयाची भांडणं इथेही सुरू आहेत. कालपासून आजवर काय काय झालं ते लिहितो, तुम्हीच वाटून घ्या. पोटॅशियम रात्री ३.६ आलं. दुखण्याचं एक इंजेक्शन बदललं. संध्याकाळी डॉक्टरांच्या परवानगीने दोनदा खिडकीपर्यंत चालवलं. दुसऱ्या खेपेला तिथेच उभे राहून खालच्या रस्त्यावरचा केळीचा ट्रक बघत बसले, भाव विचारून ये म्हणाले. चिंगम अर्धा तास चघळलं, मग नर्सच्या हातावर काढून ठेवलं. दोन्ही पाय आळीपाळीने दाबले, रात्री दहापासून. आणि आत्याने सप्तशृंगीला पायी जायचा नवस बोललाय, पाय अर्थातच माझे.

डॉक्टरांना डबा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी फोटो काढून घेतला, म्हणाले, "बरं झालं विचारलंत." भाच्याला वाईट वाटलं होतं, पण चालवताना सलाइनची बाटली धरून तोच सोबत होता.

नळी दुपारी काढणार. आबा आत्ताच फौजदारी डाळ मागताहेत.

---

चाकू_धुळे | सकाळी १०.३५

नाही.

---

वैद्य_चोपडा | सकाळी १०.४१

नाही.

---

पिवळी_नदी | सकाळी १०.५०

राळे हवे असतील तर पाठवते. इकडे मिळतात.

---

तिरफळ | सकाळी ११.०२

ही फौजदारी डाळ काय प्रकार आहे? कृती मिळेल का?

---

बिबडी_खारी | सकाळी ११.०५

नवा धागा काढा. आणि आबांना लिंक पाठवू नका.